दोघांचं विमान, सुटकेची एकच खुर्ची

१,२५,००० पैकी ५५,५७३. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये दाखल झालेल्या विमानकर्मींपैकी जे मेले त्यांचा हा आकडा. टक्केवारीत तो ४४ भरतो. शिवाय ८,४०३ जखमी झाले आणि ९,८३८ शत्रूच्या हाती लागले. तिन्ही आकड्यांची बेरीज ७३,८१४, म्हणजे शंभरातले ५९. सव्वा लाखांत, युद्ध संपताना अजून प्रशिक्षणच घेत असलेलीही पुष्कळ मुलं धरलेली आहेत, त्यामुळे जे प्रत्यक्ष जर्मनीवर गेले त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण ४४ टक्क्यांहून जास्तच होतं. सरासरी वय होतं २२ वर्षं.

युद्धातल्या विमानाची गोष्ट सांगताना आपण पायलटची गोष्ट सांगतो. परमवीरचक्र मिळालेले भारतीय हवाई दलातले आजवरचे एकमेव अधिकारी निर्मलजीत सिंग सेखों, तेही पायलटच. पण बॉम्बर विमान एकट्या पायलटच्या भरवशावर कधीच गेलं नाही. त्याच्या मागे, खाली किंवा नाकाडात एक दुसरा माणूस नकाशा, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन बसलेला असे. तो नॅव्हिगेटर. विमान या क्षणी कुठे आहे, किती मिनिटांनी कुठे वळायचं, बॉम्ब कधी सोडायचा, हे सगळं त्याच्या गणितावर चाले. लोहगावच्या विमानतळावर काही दशकं अशी विमानं होती. त्यांच्या नॅव्हिगेटरांची आठवण मात्र आपण फारशी ठेवलेली नाही.

मला इथे एकच गोष्ट सांगायची आहे. नॅव्हिगेटर जगणार की मरणार हे जितकं नशिबावर होतं, तितकंच विमानाचा आराखडा करणाऱ्यांच्या टेबलावर ठरलेलं होतं. दार किती इंचांचं, खुर्च्या किती, त्यांतल्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या किती, या आकड्यांनी ते ठरलं. हे आकडे उपलब्ध आहेत आणि ते वाचता येतात.

आधी त्याचं काम. हवाई दिशाशास्त्रात एक सोपा नियम आहे: साठ किलोमीटर अंतर कापताना दिशा एक अंशानं चुकली, तर विमान एक किलोमीटर बाजूला जातं. लोहगावहून लोणावळा सरळ रेषेत साधारण ५७ किलोमीटर. एक अंश चूक झाली तर विमान लोणावळा स्टेशनच्या किलोमीटरभर बाजूनं जाईल. दिवस असेल तर स्टेशन दिसेल आणि चूक तिथल्या तिथे सुधारता येईल. लोहगावहून गोव्यातलं दाबोळी साधारण ३५५ किलोमीटर, जवळजवळ थेट दक्षिणेला. तिथे तीच एक अंशाची चूक सहा किलोमीटरची होते आणि पश्चिमेकडे झाली तर विमान समुद्रावर असतं. लोहगाव ते कराची साधारण हजार किलोमीटर, चूक सतरा किलोमीटर. इंग्लंडमधल्या लिंकनपासून बर्लिन साधारण ९३० किलोमीटर, चूक पंधरा किलोमीटरच्या वर. तीही खाली पूर्ण काळोख, शहरांचे दिवे मालवलेले, ढग दाटलेले, आणि बाजूनं तोफांचे गोळे फुटत असताना.

त्यात वारा. आकाशातला वारा जमिनीवरून कळत नाही. ताशी ऐंशी किलोमीटरचा आडवा वारा लक्षातच आला नाही, तर तासाभरात विमान ऐंशी किलोमीटर सरकलेलं असतं. तेवढ्या अंतरात लोणावळ्याचा माणूस मुंबई गाठतो. म्हणून नॅव्हिगेटर सहा-सहा मिनिटांनी आपलं ठिकाण काढत असे. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, गुणाकार-भागाकार सोपा पडतो. सहा-सात तासांच्या उड्डाणात हे साठ-सत्तर वेळा, न थांबता. १९४२ च्या मार्चपासून 'जी' नावाची रेडिओ यंत्रणा मदतीला आली, १९४३ च्या जानेवारीपासून जमीन दाखवणारं 'एच-टू-एस' रडार. तरी २४ मार्च १९४४ च्या रात्री बर्लिनवर निघालेल्या विमानांना उंचावर ताशी १६० किलोमीटरहून वेगवान वारा लागला आणि सगळा ताफा दक्षिणेकडे वाहत गेला. ८११ विमानं गेली होती, ७२ परतली नाहीत. वाहत गेलेल्या विमानांपैकी कितीतरी थेट तोफांच्या सर्वांत दाट पट्ट्यावर पोचली होती. बॉम्बर कमांडमध्ये ती रात्र वाऱ्याची रात्र म्हणूनच लक्षात राहिली.

नॅव्हिगेटरचं महत्त्व सरकारदरबारी कळलं ते १९४१ च्या ऑगस्टमध्ये. डेव्हिड बट नावाच्या अधिकाऱ्यानं विमानांतून रात्री काढलेले ६३३ फोटो तपासले. 'आम्ही लक्ष्यावर बॉम्ब टाकले' असं सांगणाऱ्या विमानांपैकी तिनात एकच विमान लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. रूर खोऱ्याच्या धुरकट औद्योगिक पट्ट्यात दहात एक. अमावास्येच्या सुमाराला पंधरात एक.

पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. हे मावळच्या नकाशावर मांडून पाहा. लोणावळा स्टेशन मध्यबिंदू धरून आठ किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर त्यात खंडाळा येतं, नागफणी येते, वलवण, तुंगार्ली आणि भुशीची धरणं येतात, आयएनएस शिवाजी येतं, पूर्वेला कार्ल्याची लेणी येतात, भाजे कडेवर येतं आणि पश्चिमेला घाट उतरून खोपोलीसुद्धा येते. क्षेत्रफळ दोनशे चौरस किलोमीटर. या वर्तुळात कुठेही बॉम्ब पडला तरी बटच्या हिशेबात तो लोणावळा स्टेशनवर पडला असं धरलं गेलं असतं. आणि तिनांतली दोन विमानं या वर्तुळातसुद्धा आली नव्हती. ज्यांना वाटतं की विमान म्हणजे पायलटचं कौशल्य, त्यांनी हे वर्तुळ एकदा काढून पाहावं.

या गणिताची दुसरी बाजूही आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. नॅव्हिगेटर अचूक झाले तसतशी खालची शहरं जळू लागली. ड्रेस्डेनच्या फेब्रुवारी १९४५ च्या हल्ल्यांतले मृत, जर्मन इतिहासकारांच्या समितीनं २०१० मध्ये दिलेल्या निष्कर्षानुसार, २५,००० पर्यंत होते. नकाशावर पेन्सिलीनं फुली मारणारा बावीस वर्षांचा मुलगा आणि त्या फुलीखाली राहणारी माणसं, दोघांचाही हिशेब एकाच युद्धात मांडायला लागतो.

आता त्या मुलाची जागा पाहू. लँकास्टर हे त्या काळातलं ब्रिटनचं सर्वांत गाजलेलं बॉम्बर. एकूण ७,३७७ विमानं बनली, ३,२४९ लढाईत गेली. आत सात माणसं: पायलट, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, रेडिओवाला आणि दोन तोफची. नॅव्हिगेटर पायलटच्या मागे, डाव्या भिंतीकडे तोंड करून टेबलाशी बसे. दिव्याचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती पडदा. कित्येक नॅव्हिगेटर जळतं शहर एकदाही न पाहता मोहीम संपवून परत येत. पायलट पॅराशूटवरच बसलेला असे. बाकीच्यांचं पॅराशूट बाजूला ठेवलेलं असे आणि वेळ आली की छातीवरच्या पट्ट्यांना अडकवून घ्यावं लागे. विमान पेटलं, की नॅव्हिगेटरनं पॅराशूट शोधायचं, अडकवायचं, काळोखात पुढे नाकाडापर्यंत जायचं आणि जमिनीतल्या झडपेतून खाली उडी टाकायची. हे सगळं विमान गिरक्या घेत खाली येत असताना.

त्या झडपेची रुंदी होती २२ इंच. हॅलिफॅक्स या दुसऱ्या बॉम्बरची झडप २४ इंचांची. फरक दोन इंच, पाच सेंटिमीटर.

पुढे जगप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ झालेला फ्रीमन डायसन तेव्हा विशीच्या आसपास होता आणि बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोड करत होता. पाडलेल्या विमानांतून किती जण जिवंत बाहेर पडतात हे त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजलं. हॅलिफॅक्समधून साधारण २५ टक्के, लँकास्टरमधून साधारण १५ टक्के. लँकास्टर हे अधिक नवं आणि अधिक चांगलं विमान, पण त्यातून बाहेर पडणं अवघड. जाड कपडे, छातीवर पॅराशूटचं गाठोडं आणि २२ इंचांचं भोक. माइक ओ'लॉफलिन नावाचा डायसनचा सहकारी ही झडप मोठी करून घेण्यासाठी दोन वर्षं झगडला. मंजुरी मिळाली तोवर युद्ध संपत आलं होतं.

या दोन इंचांचा हिशेब ढोबळमानानं मला करून पाहावासा वाटला. ३,२४९ लँकास्टर गुणिले ७ माणसं म्हणजे २२,७४३. त्यातले दहा टक्के, म्हणजे २५ आणि १५ यांतला फरक, साधारण २,२७०. सगळा फरक झडपेमुळेच पडला असं म्हणता येत नाही. विमानाची बाकीची रचनाही वेगळी होती. पण निम्मा जरी झडपेमुळे पडला असं धरलं, तरी हजारावर तरुण पाच सेंटिमीटर पत्र्यापायी गेले. शत्रूनं हे केलं नव्हतं.

झडपेपर्यंत जायची वेळ कितीदा येई, तेही पाहू. एका मोहिमेत चार टक्के विमानं पडतात असं धरा. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात. नेमून दिलेली एक फेरी मात्र ३० मोहिमांची असे. ०.९६ ला स्वतःनंच तीसदा गुणलं की उत्तर येतं ०.२९. शंभरांतले २९ फेरी पूर्ण करणार. पडझड पाच टक्क्यांवर गेली की २१. आणि ३० मार्च १९४४ च्या न्युरेंबर्गच्या रात्रीसारखी रात्र आली की सगळे हिशेब कोलमडतात: ७९५ विमानं निघाली, ९५ पडली, बारा टक्के, एकाच रात्रीत पाचशेहून अधिक मृत.

या गणितातून एक मराठी आडनाव पार पडलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर होते आणि चाळीसहून अधिक मोहिमा त्यांनी पूर्ण केल्या. चार टक्क्यांच्या हिशेबानं चाळीस मोहिमा पार पडण्याची शक्यता शंभरात वीसही नाही. त्यांचा फोटो लंडनच्या युद्ध-संग्रहालयाच्या संग्रहात आहे. आपल्याकडे एखाद्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर चार ओळी यायला हव्या होत्या.

युद्ध संपलं, विमानं बदलली, जेट आली. त्याबरोबर इजेक्शन सीट आली: कळ ओढली की खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जातो. झडप शोधायला नको, रांगायला नको. इथून पुढे तरी नॅव्हिगेटरचं दुखणं मिटायला हवं होतं.

तसं झालं नाही. १ ऑक्टोबर १९५६. व्हल्कन नावाचं ब्रिटिश बॉम्बर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा करून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पावसात उतरत होतं. धावपट्टीच्या अलीकडेच ते आपटलं. आत सहा जण. पुढच्या दोघांना, म्हणजे पायलट आणि सहपायलटाच्या जागेवर बसलेल्या एअर मार्शलना, इजेक्शन सीट होत्या. ते दोघे वाचले. मागच्या चौघांना नव्हत्या. चौघेही गेले. त्यात नॅव्हिगेटर होते. सहापैकी दोन खुर्च्या, सहापैकी दोन जिवंत.

यानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी १९५७ मध्ये, भारतानं ब्रिटनकडे कॅनबेरा विमानांची मागणी नोंदवली. एकूण ६८: बॉम्ब टाकणारी ५४, फोटो काढणारी ८ आणि प्रशिक्षणाची ६. कॅनबेरा उत्तम विमान होतं यात शंका नाही. दोन जेट इंजिनं, ४८,००० फुटांपर्यंत झेप, आठ हजार पौंडांपर्यंत बॉम्ब. भारतीय हवाई दलानं ते पन्नास वर्षं वापरलं. शेवटचं कॅनबेरा ११ मे २००७ ला आग्र्यात निवृत्त झालं. पण आपण घेतलेल्या बॉम्बर प्रकारात माणसं दोन आणि इजेक्शन सीट एक. पायलट वर, डाव्या अंगाला, काचेच्या घुमटाखाली इजेक्शन सीटवर. नॅव्हिगेटर खाली, नाकाडाच्या आत, साध्या आसनावर. बॉम्ब टाकायची वेळ आली की नाकाडाच्या टोकाला पालथा पडून काचेतून खाली बघायचा. डोक्यावर पक्कं छत. संकटात त्यानं उजव्या बाजूच्या दारापर्यंत यायचं आणि पॅराशूट घेऊन उडी टाकायची. लँकास्टरच्या नॅव्हिगेटरसारखंच, विमानाचा वेग तेवढा दुपटीहून जास्त झालेला.

६८ पैकी ५४, म्हणजे पाचांतली जवळजवळ चार विमानं, अशी होती.

पुण्याचा या विमानाशी संबंध जुना. त्याआधी लोहगावला ६ स्क्वॉड्रनची लिबरेटर बॉम्बर होती. महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली ही विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी दुरुस्त करून उडती केली आणि १९६८ पर्यंत ती समुद्रावर टेहळणी करत राहिली. दरम्यान कॅनबेरा आली. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. किलोत साडेअठ्ठावीस हजार, दर विमानामागे जवळजवळ चोवीसशे. हुकूम असा होता की धावपट्टी उखडा, पण विमानतळाच्या इमारती शाबूत ठेवा. एअर व्हाइस मार्शल एरलिक पिंटो यांच्याकडे त्या हवाई कारवाईची सूत्रं होती आणि ते स्वतः मूळ गोव्याचे. इमारती शाबूत राहिल्या. वीस वर्षांपूर्वी तिनातलं एक विमान आठ किलोमीटरच्या वर्तुळात पोचत होतं. दाबोळीला धावपट्टी आणि तिच्या शेजारची इमारत यांतला फरक नाकाडात पालथ्या पडलेल्या नॅव्हिगेटरांनी पाळला. गोवा मुक्तीच्या इतिहासात त्या बारा नॅव्हिगेटरांचा उल्लेख माझ्या वाचनात क्वचितच आला.

आता दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. विमानाचं नाव दोन्हीकडे कॅनबेराच.

पहिली, १० एप्रिल १९५९. ईदचा दिवस. १०६ स्क्वॉड्रनचं फोटो काढणारं कॅनबेरा रावळपिंडीवरून जात असताना पाकिस्तानी सेबर विमानानं पाडलं. उंची ४७,००० फुटांच्या आसपास. पायलट स्क्वॉड्रन लीडर जे. सी. सेनगुप्ता, नॅव्हिगेटर फ्लाइट लेफ्टनंट एस. एन. रामपाल. फोटो काढणाऱ्या प्रकारात दोघांनाही इजेक्शन सीट होती. दोघेही बाहेर पडले, पकडले गेले आणि पुढे मायदेशी परतले. दोन खुर्च्या, दोन जिवंत.

दुसरी, २१ सप्टेंबर १९६५. युद्धाचे शेवटचे दिवस. ५ स्क्वॉड्रनचं बॉम्बर कॅनबेरा पाकिस्तानातल्या सरगोध्यावरचा हल्ला उरकून पहाटेच्या काळोखात परत येत होतं. आग्रा ते सरगोधा सरळ रेषेत साधारण ७४० किलोमीटर. एका अंशाची चूक बारा किलोमीटरची. ते गणित बरोबर आलं होतं, लक्ष्य मागे पडलं होतं, सरहद्द जवळ आली होती. पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानातून जमाल खान या पायलटनं मागून साइडविंडर क्षेपणास्त्र सोडलं. ते लागलं. पायलट एम. एम. लोवे इजेक्शन सीटनं बाहेर फेकले गेले, युद्धकैदी झाले आणि वाचले. नॅव्हिगेटर के. के. कपूर यांना तशी खुर्ची नव्हती. ते विमानाबरोबर गेले. दोनच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, युद्धविराम झाला.

एकाच विमानात, एकाच क्षेपणास्त्रानं, एकाच क्षणी दोघांवर सारखंच संकट कोसळलं. एक जण घरी आला. क्षेपणास्त्राच्या स्फोटात कपूर यांना लगेच काय झालं असेल हे कोणालाच ठरवता येणार नाही, आणि खुर्ची असती तर ते हमखास वाचले असते असंही मी म्हणत नाही. पण पायलटला जी एक संधी दिली गेली, ती नॅव्हिगेटरला दिलीच गेली नव्हती. हा निर्णय त्या पहाटेच्या किती तरी वर्षं आधी, हजारो किलोमीटर दूर, एका आराखड्यावर झाला होता. आणि असं विमान आपण पारखून, पैसे मोजून घेतलं होतं.

विमान घेताना आपल्यापुढे पर्याय फार नव्हते, हे खरं. लांब पल्ल्याचं जेट बॉम्बर तेव्हा मोजक्या देशांकडे होतं आणि तीन महिन्यांपूर्वीची व्हल्कनची दुर्घटना होऊनही खुद्द ब्रिटननं आपल्या मोठ्या बॉम्बरांच्या मागच्या कर्मचाऱ्यांना इजेक्शन सीट दिल्या नाहीत. तरीही मला हे मान्य होत नाही. जोखीम अटळ असते तेव्हा ती विमानातल्या सगळ्यांनी सारखी वाटून घ्यावी. ज्याच्या गणितावर विमान जातं आणि येतं, त्याच्या वाट्याला जास्तीची जोखीम ठेवून विमान हलकं किंवा स्वस्त करणं हा न्याय नव्हे.

१९७१ च्या युद्धात हा फरक आठवणीतही दिसतो. लॉइड मोझेस सासून हे पायलट आणि राम मेथाराम अडवाणी हे नॅव्हिगेटर, यांचं कॅनबेरा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पश्चिम आघाडीवरून परतलं नाही. त्या युद्धानंतर बेपत्ता राहिलेल्या ५४ सैनिकांच्या यादीत दोघांचीही नावं आहेत. मराठी वाचकाला या यादीतलं एक नाव चांगलं आठवतं: सुखोई-७ चे पायलट विजय वसंत तांबे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या; पतीच्या शोधासाठी त्यांनी आयुष्यभर दिलेला लढा वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचला. एकट्यानं उडवायचं विमान असेल तर आठवण ठेवायला नावही एकच असतं. दोघांच्या विमानात मात्र दुसरं नाव मागे पडतं, आणि तेच बहुतेक वेळा नॅव्हिगेटरचं असतं.

बदल झाला, पण उशिरा. लोहगावला आज सुखोई-३० विमानं आहेत. माणसं दोन, इजेक्शन सीट दोन. १४ ऑक्टोबर २०१४ ला असंच एक विमान उतरता उतरता पुण्याजवळ थेऊरला कोसळलं. दोन्ही खुर्च्या बाहेर फेकल्या गेल्या आणि दोघेही वैमानिक सुखरूप राहिले. १९५६ चं हीथ्रो, १९५९ ची रावळपिंडी, १९६५ चं सरगोधा आणि २०१४ चं थेऊर: चार घटनांत इजेक्शन सीटवर बसलेले एकूण सात, सातही वाचले. सीट नसलेले पाच, पाचही गेले. चार घटनांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण वर लँकास्टरच्या हजारो माणसांवरून निघालेला आकडाही तीच दिशा दाखवतो.

मावळातून पुण्याला लोकलनं जाताना खडकी लागते. तिथल्या युद्ध-दफनभूमीत राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या देखरेखीखाली दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या कबरी एकत्र आणून ही जागा केली गेली. हवाई दलाचं बोधचिन्ह असलेले दगडही त्यात आहेत. दगडावर नाव, हुद्दा, तारीख, वय असतं आणि विमानकर्मी असेल तर त्याचं विमानातलं काम लिहिलेलं असतं: पायलट, नॅव्हिगेटर, तोफची. ही पद्धत आपण उचलावी. आपल्या शाळा-कॉलेजांत, गावांच्या वेशीवर, संस्थांच्या आवारात शहिदांच्या नावांच्या पाट्या आहेत. त्यांवर नाव आणि साल असतं. माणूस युद्धात नेमकं काय करत होता हे बहुतेक वेळा नसतं. ते लिहायला खर्च काही फार येत नाही.

आणि एक विनंती. हवाई दलातल्या प्रत्येक विमानकर्मीची एक उड्डाणवही असते. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमान, सोबतचा माणूस, वेळ, काम यांची नोंद तीत असते. साठच्या दशकात कॅनबेरा उडवणाऱ्या पिढीतले लोक आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि लोहगाव, खडकी, तळेगाव, लोणावळा अशा ठिकाणच्या घरांत त्यांच्या वह्या कपाटात पडून असण्याची शक्यता मोठी आहे. बारा विमानांनी दाबोळीला जाताना कोणत्या नॅव्हिगेटरनं कोणत्या विमानात काम केलं, हे कळायचा तो एक खात्रीचा मार्ग आहे. आपल्या घरात अशी वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. तिची पानं स्कॅन करून एक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला किंवा हवाई दलाच्या इतिहास विभागाला द्या. आणि वहीच्या मालकाशी अजून बोलता येत असेल, तर आजच त्यांना विचारा की त्यांच्या शेजारी, खाली, नाकाडात कोण बसत असे. नाव लिहून ठेवा.